तीच हवा डेटोनाला ढकलते, शार्लटला अडवते

मे महिन्यात माझ्या बहिणीचा मुलगा नाशिकहून आमच्याकडे अमेरिकेत शार्लटला आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, फॉर्म्युला वनचा कट्टर फॅन, आणि नॅसकारचं, म्हणजे इथल्या स्टॉक कार रेसिंगचं, नाव काढल्याबरोबर त्याचं पहिलं वाक्य, "मावशी, त्यात काय असतं, गोल फिरायचं आणि डावीकडे वळायचं." हे वाक्य मी इथे राहायला आल्यापासून शंभरदा ऐकलंय, इथल्या आपल्या मराठी मंडळींकडूनही ऐकलंय, आणि दर वेळी वाटतं की बोलणाऱ्याचा हात धरून त्याला ट्रॅकच्या जाळीपाशी नेऊन उभं करावं. या वेळी खरंच नेलं. तो रविवार कोका-कोला ६०० चा होता, म्हणजे दीड मैलाच्या ट्रॅकवर ४०० फेऱ्या, संध्याकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालणारी रेस.

आधी थोडी ओळख. स्टॉक कार म्हणजे मूळ अर्थाने शोरूममधून घेतलेली गाडी. १९४८ साली नॅसकार सुरू झाली तेव्हा कल्पना हीच होती की लोक जी गाडी चालवतात तीच ट्रॅकवर पळेल. आज त्यातलं नाव आणि चेहरा सोडून फार काही उरलेलं नाही, टोयोटाची कॅमरी आपल्याकडेही मिळते पण रेसमधल्या कॅमरीला मागच्या चाकांचा ड्राइव्ह आणि दुकानातल्या कॅमरीला पुढच्या. आपल्याशी संबंध म्हणाल तर नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक सिरीजमध्ये धावला होता.

आता मुद्द्यावर येते. शाळेत आपण शिकतो की हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो. म्हणजे ८० च्या स्पीडला जेवढा विरोध असतो त्याच्या सोळापट ३२० ला. आणि तो विरोध तोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनात वाढते, म्हणजे चौसष्टपट. त्यामुळे ३०० च्या पुढे इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

हवा गाडीला दोन्हीकडून अडवते, आणि ही गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. नाकावर ती आदळून दाटते, तिथे दाब वाढतो, हे सरळ आहे. पण मागेही काहीतरी घडतं. हवा छपरावरून घसरत येते आणि गाडी संपली की तिला इतक्या पटकन खाली वळून जागा भरता येत नाही, म्हणून गाडीच्या पाठीमागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला एक खिसा तयार होतो. पुढून जास्त दाब ढकलतोय आणि मागून कमी दाब खेचतोय, असा तो हिशोब. हायवेवर एसटी किंवा कंटेनर भसकन बाजूने गेल्यावर स्कूटर त्याच्याकडे ओढल्यासारखी होते ना, त्यात याच दाबाच्या फरकाचा हात असतो.

आता त्या खिशात दुसरी गाडी आणून ठेवा. मागच्या गाडीला समोरची हवा आधीच फोडलेली मिळते, तिचा विरोध कमी होतो, हे सायकलवाल्यांनाही ठाऊक असतं. मला ज्या गोष्टीचं खरं प्रेम आहे ती याच्या पुढची आहे. मागच्या गाडीच्या नाकासमोर जो दाबाचा फुगवटा असतो तो आता पुढच्या गाडीच्या पाठीमागच्या खिशात जाऊन बसतो. तिथला कमी दाब भरून निघतो आणि पुढच्या गाडीला मागून खेचणारा जोर घटतो. म्हणजे न टेकता, मध्ये थोडी फट असतानाही, मागची गाडी पुढचीला ढकलते! फायदा दोघींचा होतो, आणि म्हणून दोन गाड्या मिळून एकट्या गाडीपेक्षा जोरात पळतात. माझ्या भाच्याने इथे पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवला.

याला ड्राफ्टिंग म्हणतात आणि याचा शोध कुठल्या लॅबमध्ये लागलेला नाही. १९६० च्या डेटोना ५०० ला, म्हणजे फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकवरच्या मोठ्या रेसला, ज्युनिअर जॉन्सनची शेव्हरले समोरच्या पाँटिअ‍ॅकपेक्षा चांगलीच हळू होती, पण प्रॅक्टिसमध्ये त्याच्या लक्षात आलं की त्यांच्या अगदी मागे चिकटलं की आपली गाडी त्यांच्याबरोबर पळते. त्याने तेवढ्यावर रेस जिंकली. १९७४ च्या ४ जुलैला डेटोनालाच डेव्हिड पिअर्सनने तर कमाल केली, शेवटची फेरी सुरू होताना तो पहिला होता, मागे रिचर्ड पेटी, आणि पिअर्सनला माहीत होतं की पहिला असणं म्हणजे मागच्याच्या हातात सापडणं. त्याने एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला, जणू इंजिन गेलं, पेटी पुढे गेला, आणि मग पिअर्सनने त्याच्याच खिशात शिरून वेग घेतला आणि शेवटी ओलांडून जिंकला. पुढे असलेला माणूस मुद्दाम मागे जातो, असा दुसरा कुठला खेळ असेल तर मला सांगा.

कंपन्यांची हवेवरून चढाओढ पेटली ती १९६९ च्या आसपास. डॉजने चार्जर डेटोना काढली, प्लिमथने पुढच्या वर्षी सुपरबर्ड, टोकदार नाक आणि मागे डिकीवर उंच उभा केलेला पंख, म्हणजे तो छपरावरच्या खराब हवेच्या वर राहून स्वच्छ हवेत काम करेल. मार्च १९७० मध्ये बडी बेकरने अलाबामातल्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ताशी २०० मैल ओलांडले, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटर. नॅसकारने १९७१ ला पंखवाल्या गाड्यांना छोट्या इंजिनाची अट घातली आणि त्या संपल्या. तरी वेग वाढतच राहिला, १९८७ ला बिल एलियटने टॅलाडेगाला ताशी २१२.८०९ मैलांची फेरी मारली, तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. पण त्याच वेळच्या रेसमध्ये बॉबी अ‍ॅलिसनची गाडी टायर फुटून गिरकी घेत उलट्या दिशेला फिरली, हवेत उठली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीत घुसली, तुकडे उडून लोकांना लागले. १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगाला इंजिनाला जाणारी हवाच कमी करणारी भोकांची प्लेट बसवायला लागले.

आणि त्या प्लेटने फॅन्सचा खेळ बदलला. सगळ्यांची पॉवर सारखीच कमी, म्हणून कुणीच एकटा पळून जाऊ शकत नाही, म्हणून तीसचाळीस गाड्यांचा घोळका, दोन-तीन रांगांत, बंपरला बंपर. एक चुकला की वीस गाड्या एकमेकांवर, इथले लोक त्याला 'द बिग वन' म्हणतात. २०११ ला तर दोन-दोन गाड्या जोडीने चिकटून पळायला लागल्या, त्या डेटोना ५०० मध्ये पहिला नंबर ७४ वेळा बदलला, तरी कितीतरी फॅन चिडले होते, त्यांना आपला ड्रायव्हर एकट्याच्या जोरावर जिंकलेला बघायचा होता. त्या जोड्या मोडायला नॅसकारने गाडीच्या नाकातलं हवेचं तोंड लहान केलं, कारण पुढच्याला चिकटलेल्या गाडीच्या रेडिएटरला हवा कमी पोचते आणि इंजिन तापतं. म्हणजे उपायही हवेचाच!

आता तोच खिसा घेऊन शार्लटला या.

टॅलाडेगाचं वळण ३३ अंशांनी तिरकं आहे, घरातल्या जिन्याचा चढ साधारण तेवढा असतो. एवढ्या उतारावर गाडी स्वतःच रस्त्याला दाबली जाते, अ‍ॅक्सिलरेटर सोडावा लागत नाही, टायरची पकड पुरून उरते. तिथे फक्त विरोध महत्त्वाचा. शार्लटचं वळण २४ अंशांचं, ट्रॅक छोटा, इथे वळणावर पकड कमी पडते आणि ती पकड हवा देते. पुढे जमिनीलगत स्प्लिटर नावाची आडवी फळी असते, मागे डिकीवर स्पॉयलर नावाची उभी पट्टी, आणि २०२२ पासूनच्या नव्या गाडीच्या पोटाखाली सपाट तळ आणि मागे वर उघडत जाणारा डिफ्यूझर, हे सगळे हवेच्या दाबाने गाडी खाली रेटतात. हा खालचा जोरसुद्धा वेगाच्या वर्गात. आता समजा मागच्या गाडीला खिशात शिरल्यामुळे हवेचा वेग १० टक्के कमी मिळाला, तर ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे खालचा जोर १९ टक्के गेला. वर ती हवा भोवऱ्यांची, एकसारखी नाही, आणि आधी उपाशी राहतं ते नाक. पुढच्या टायरची पकड जाते, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी वळत नाही, भिंतीकडे सरकते. ड्रायव्हर याला 'टाइट' म्हणतात, आणि त्या हवेला 'डर्टी एअर'. सरळ रस्त्यावर जो खिसा ढकलत होता तोच वळणावर हात सोडून देतो.

म्हणून गाडी हवेवर जितकी जास्त अवलंबून, तितकं मागच्याला ओलांडणं अवघड. हे मला नॅसकारमधलं सगळ्यात मोठं कोडं वाटतं, एकट्याने पळताना सर्वात चांगली असलेली गाडी रेस सर्वात कंटाळवाणी करू शकते. नवी गाडी आल्यावर दीड मैलाच्या ट्रॅकवर रेस सुधारली, पण मार्टिन्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, जिथे पूर्वी धक्काबुक्की चालायची, तिथे रांग लागते. स्पॉयलर छोटा कर, डिफ्यूझरच्या पट्ट्या काढ, असं नॅसकारचं चालूच आहे. आणि डेटोनाला उलटंच झालं, गाड्यांना विरोध इतका की रांग सोडून बाहेर पडलेला लगेच मागे पडतो, मग रेसच्या मधल्या फेऱ्यांत सगळे अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर पेट्रोल वाचवत फिरतात, कारण पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागी, कमी पेट्रोल भरावं लागलं तर दोन-तीन सेकंद वाचतात आणि तिथेच नंबर मिळतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे बघावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

टॅलाडेगाबद्दल इथे एक गोष्ट ठासून सांगतात, की ती जागा मूळ रहिवाशांच्या शापाची आहे म्हणून तिथे एवढे अपघात होतात. आपल्याकडे घाटातल्या वळणावर बाई दिसते म्हणतात, तसंच. अहो, ३०० च्या स्पीडला हातभर अंतरावर चाळीस गाड्या पळवल्या तर अपघात होणारच, त्याला शाप कशाला हवा. आणि शापावर विश्वास ठेवून बसले असते तर १९९४ मध्ये छपरावरच्या झडपा आल्या नसत्या. गाडी गिरकी घेऊन मागच्या बाजूने पळायला लागली की तिचा आकार विमानाच्या पंखासारखा वागतो, छपरावर दाब कमी होतो, आणि त्याच कमी दाबाने ओढून त्या झडपा आपोआप उघडतात आणि उचलणारा जोर मोडतात. मोटर नाही, सेन्सर नाही. सगळे अपघात त्याने थांबले नाहीत, २००९ ला टॅलाडेगालाच कार्ल एडवर्ड्सची गाडी जाळीपर्यंत उडाली, पण अनेक गाड्या जमिनीवर राहिल्या.

तसाच दुसरा गैरसमज आपल्या पोरांचा. भाच्याच्या मित्राने हॅचबॅकला मागे मोठा स्पॉयलर लावलाय, "स्टेबल होते आणि मायलेजही वाढतं." ३०० ला जो जोर मिळतो त्याचा पंचविसावा हिस्सा ६० ला मिळतो. शहरात तो स्पॉयलर फक्त वजन आहे.

रात्री दहाच्या सुमारास आम्ही खाली जाळीजवळ गेलो. कानात प्लग असूनही आवाज छातीत लागतो, गाडी गेल्यावर क्षणभराने हवेचा झोत येतो, त्यात रबराचे बारीक कण असतात, भाच्याच्या चष्म्यावर काळे ठिपके बसले. समोर एक निळी गाडी वीसएक फेऱ्या पिवळीच्या मागे अडकली होती. सरळ रस्त्यावर जवळ यायची, वळणात नाक बाहेर जायचं, पुन्हा मागे. मग एका फेरीला तिच्या ड्रायव्हरने वळणात शिरतानाच गाडी अर्धी लेन वर घेतली, पिवळीच्या मागून बाहेर, भिंतीच्या बाजूला, लांबच्या रस्त्याने. भाचा ओरडला, "अगं मावशी, त्याला हवा मिळाली!"

दोन फेऱ्यांनी निळी पुढे होती.