नातवंडांचे वय आणि आजी-आजोबांची भूमिका

मराठी घरांत पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, त्यामुळे पहिला सव्वा महिना आईच्या आईच्या हाती असतो. बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू आणि बाळाला तेल-अंघोळ हे तिचे काम. पाय लांब करून ती पाटावर बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घेते आणि कोमट तेल पाठीपासून टाचांपर्यंत हलक्या हाताने चोळते. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारण ६ महिनेच राहता येत असल्याने तिथे आधी आईची आई, मग सासूबाई अशा पाळ्या लागतात.

खटके उडतात ते जुन्या रीतींवरून. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड सहाणेवर उगाळून दिलेली गुटी अनेक घरांत अजून चालते. मात्र पहिले ६ महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीही लागत नाही, आणि सहाण अस्वच्छ असेल तर जुलाब होतात. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यातून तान्ह्याला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. नाका-कानांत तेल घालणेही सोडावे. मालिश आणि अंगाई मात्र खुशाल चालू ठेवावी.

वर्षाचे मूल ९-१० किलोंचे होते. ते कडेवर घेऊन जिने चढल्यास आजीचे गुडघे बोलू लागतात, म्हणून त्याला बसूनच मांडीवर घ्यावे.

शाळेच्या वयात आजोबांकडे रिक्षापर्यंत सोडणे-आणणे येते आणि दिवेलागणीला शुभंकरोति, पाढे. या टप्प्यावर सर्वाधिक बिघडते ते आई-वडिलांनी नाही म्हटलेले गुपचूप दिल्याने, मग ते चॉकलेट असो वा जेवताना मोबाइल. मुलाला घरातली फट लगेच कळते. मतभेद असेल तर तो मूल झोपल्यावर बोलावा.

तेराव्या-चौदाव्या वर्षी नातवंड खोलीचे दार लावून घेते. ‘तुझा बाप तुझ्या वयात...’ हे वाक्य इथे सर्वांत महागात पडते. न विचारता सल्ला देऊ नये, पण जेवणाच्या वेळी सोबत बसणे सोडू नये. ज्या गोष्टी आईला सांगवत नाहीत त्या आजीला सांगितल्या जातात. त्या पोटात ठेवाव्यात. जिवाला धोका, छळ किंवा व्यसनाची शंका असेल तर मात्र ‘हे आईला सांगावे लागेल’ असे आधी त्यालाच स्पष्ट सांगून मग सांगावे.

पुढे भूमिका उलटते. बँकेचे अ‍ॅप, दवाखान्याची वेळ नातवंडे पाहतात. पैसे पाठवणे शिकताना ओटीपी कुणालाही, फोनवरच्या ‘बँकवाल्या’लाही, न सांगण्याची सवय आधी लावावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यातील ‘अपत्ये’ या व्याख्येत सज्ञान नातू-नातही येतात. त्यामुळे स्वतःचे भागत नसलेल्या आजी-आजोबांना त्यांच्याविरुद्धही निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.