एका हातावरून दोन हातांवर: पिस्तूल नेमबाजीतल्या प्रकारबदलाची पार्श्वभूमी

दहा मीटरवरच्या एअर पिस्तूलवर हात बसलेला नेमबाज प्रॅक्टिकल पिस्तूलकडे, म्हणजे दोन हातांनी धरून घड्याळाविरुद्ध मारायच्या प्रकाराकडे, वळला की आधी त्याची फजिती होते. तिकडे रुळून तो परत एअर पिस्तूलकडे आला की पुन्हा तेच. नोकरीसाठी टेक्सास-अॅरिझोनाकडे गेलेली आपल्याकडची मुलं तिथल्या क्लबात नाव घालू लागली, तेव्हापासून सुट्टीत गावी आली की त्यांची आणि इथल्या कोचची या विषयावर हमखास जुंपते. कोच म्हणतो, पोराने हात बिघडवून आणला. पोरगा म्हणतो, तुम्ही दहा मीटरच्या पुढे बघतच नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण हाताला वळण लावते ती गुण मोजायची पद्धत, आणि ती पद्धत काही दशकांच्या भांडणांतून घडली आहे.

मराठवाड्यापुरतं बघायचं तर निजामाच्या काळातल्या शिकारींच्या गोष्टी इथे कामाच्या नाहीत. 1948 नंतर शस्त्रं पोलिसांकडे, चांदमारी पोलीस मुख्यालयाच्या हद्दीत, आणि कॉलेजातल्या पोरांच्या हाती आलीच तर एनसीसीची पॉइंट टू टू रायफल, असंच चित्र बरीच वर्षं होतं. खेळ म्हणून पिस्तूल आलं ते एअर पिस्तूलच्या रूपात. ते साहजिकच होतं: दहा मीटरला मंगल कार्यालयाएवढा हॉल पुरतो, पेलेट (छर्रे) स्वस्त आणि आवाज कमी. 1988 पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे, त्यामुळे पालकांनाही पटवता येतं. छत्रपती संभाजीनगर असो की लातूर-नांदेड, इथला पिस्तूलवाला बहुतेक याच वाटेने येतो.

ही वाट हाताला काय शिकवते? साठ शॉट, पंच्याहत्तर मिनिटं. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एक हात खिशात, दुसरा सरळ. ट्रिगरचं वजन कमीत कमी 500 ग्रॅम. नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, आणि टार्गेटचा काळा गोल धूसर. होल्ड बसला नाही, म्हणजे नेम स्थिरावला नाही, तर हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, परत उचलायचा. न मारलेल्या शॉटला दंड नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी फजिती त्यातूनच निघते.

प्रॅक्टिकलचा उगम अगदी उलट टोकाचा. 1950च्या दशकात कॅलिफोर्नियात होल्स्टरमधून, म्हणजे कंबरेच्या म्यानातून, झटकन पिस्तूल काढून मारायच्या स्पर्धा सुरू झाल्या. सुरुवातीला लोक कंबरेवरूनच मारायचे. मग एका डेप्युटी शेरीफने दोन्ही हातांनी पिस्तूल धरून डोळ्यापर्यंत आणलं आणि साइट बघून मारलं. क्षणभर उशीर व्हायचा, पण गोळी लागायची. तो जिंकू लागला आणि बाकीच्यांनी कंबर सोडली. 1975 मध्ये झुरिचला पहिली जागतिक स्पर्धा, 1976 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया गावी बैठक आणि आंतरराष्ट्रीय संघटना. अचूकता, ताकद आणि वेग यांना सारखा मान, हे त्या संघटनेचं ब्रीद. गुण भागिले सेकंद, म्हणजे हिट फॅक्टर, हा त्याचा हिशेब.

पुढे शर्यत साहित्याची झाली. नळीला झटका कमी करणारा कॉम्पेन्सेटर, वर नेमासाठी लाल ठिपका दाखवणारा रेड डॉट, कंबरेला नुसता सापळा उरलेलं होल्स्टर. रोज बाळगायच्या पिस्तूलशी त्याचा संबंध राहिला नाही, अशी ओरड होऊन 1996 मध्ये काही जुनी मंडळी बाहेर पडली आणि वेगळी संघटना काढली. पिस्तूल कपड्याखाली झाकलेलं, आडोशामागूनच मारायचं, एका स्टेजला, म्हणजे स्पर्धेतल्या एका मांडणीला, जास्तीत जास्त अठरा राउंड (गोळ्या). हिशेबही वेगळा: लागलेला वेळ, अधिक चुकलेल्या गुणांचा दंड.

इथे थांबावं लागतं, कारण प्रकार बदलणाऱ्याला सगळ्यात जास्त चकवलं ते या दंडाच्या एका बदलाने. 2017 पर्यंत चुकलेल्या प्रत्येक गुणाला अर्धा सेकंद होता. 2017 च्या नियमांत तो पूर्ण सेकंद झाला. कागदावर एका आकड्याचा फरक, पण त्यावरून झालेली वादावादी अजून शमलेली नाही.

उदाहरण घ्या. अठरा राउंडची एक स्टेज. पहिला नेमबाज 20 सेकंदांत संपवतो. त्याच्या दहा गोळ्या टार्गेटच्या मधल्या भागात आणि आठ शेजारच्या भागात, म्हणजे गोळीमागे एक असे आठ गुण गेले. दुसरा 25 सेकंद घेतो, पण अठराच्या अठरा मध्ये. जुन्या दंडाने पहिल्याचे 24 सेकंद, दुसऱ्याचे 25. पहिला जिंकला. नव्या दंडाने पहिल्याचे 28, दुसऱ्याचे 25. दुसरा जिंकला, तोही आरामात. आता ढोबळमानाने हेच टार्गेट 1976च्या संघटनेच्या हिशेबात घाला. 9 एमएमसारख्या कमी ताकदीच्या गोळीला मधल्या भागाचे पाच गुण आणि शेजारच्याचे तीन. पहिल्याचे 74 गुण भागिले 20 म्हणजे 3.7, दुसऱ्याचे 90 भागिले 25 म्हणजे 3.6. पहिला पुन्हा वर. जास्त ताकदीची गोळी असेल तर शेजारच्या भागाला चार गुण. मग पहिल्याचे 82 आणि हिट फॅक्टर 4.1. दुसरा शर्यतीत राहिलाच नाही.

नेमबाज तेच आणि भोकंही तीच, तरी निकाल उलटा. हिट फॅक्टरमध्ये आणखी एक मेख आहे: चुकीची किंमत ठरलेली नसते. स्टेज जवळची आणि भराभर मारायची असली, हिट फॅक्टर दहाच्या घरात असला, तर दोन गुण गमावणं म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. तीनच्या घरात असला तर तेच दोन गुण दोन तृतीयांश सेकंदाचे. म्हणून तिकडचा मुरलेला खेळाडू स्टेज चालून बघतानाच आज घाई परवडते की नाही हे मनात ठरवतो. 1996च्या संघटनेत असा हिशेब नाही. तिथे गुण गेला की सेकंद गेला, स्टेज कोणतीही असो.

नवा दंड चुकीचा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की त्याने खेळ मंदावला, लोक गोगलगाय झाले. मला तो फारसा पटत नाही. अर्ध्या सेकंदाच्या काळात शेजारच्या भागात दोन गोळ्या मारून पुढे पळणं फायद्याचं होतं, आणि प्रत्यक्षाशी जवळ राहण्यासाठी काढलेल्या खेळात ते विचित्रच होतं. अर्थात, मी कागदावरच्या बारीक ग्रुपकडे, म्हणजे जवळजवळ पडलेल्या भोकांकडे, बघत वाढलेल्यांपैकी, त्यामुळे माझं माप तिकडे झुकणारच. आणि खरा तोटा झाला तो दोन्हीकडे खेळणाऱ्यांचा. आधी दोन्ही खेळांची चाल बऱ्यापैकी जुळायची. 2017 नंतर शनिवारी एक आणि रविवारी दुसरं खेळणाऱ्याला एका रात्रीत ट्रिगर दाबायची घाई बदलावी लागते.

आपल्या दहा मीटरवाल्याला हा नवा दंड मानवतो, पण मधला भाग गाठायच्या नादात तो होल्ड बसण्याची वाट बघतो आणि घड्याळ चालूच राहतं. सात मीटरवरच्या कागदाला दहा मीटरचा होल्ड लागत नाही. साइट जरा हलत असताना दाबलेला शॉटही मध्येच जातो, हे त्याच्या मनाला पटायला महिने जातात. त्याला हात खाली घेऊन परत उचलायची सवय असते आणि इथे ती सोय नाही.

पंचवीस मीटरवरचे पिस्तूल प्रकार खेळणाऱ्याचं लवकर जमतं. स्पोर्ट पिस्तूलच्या रॅपिड फेरीत हात 45 अंशांत खाली असतो. टार्गेट तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात एक शॉट मारायचा आणि सात सेकंद थांबायचं. ऑलिंपिक रॅपिड फायरमध्ये तर पाच टार्गेटं, मधलं अंतर 75 सेंटिमीटर, आणि शेवटच्या सिरीजला चारच सेकंद. तिथे शॉट सुटताक्षणी नजर पुढच्या टार्गेटवर आणि हात तिच्यामागून, हे अंगात मुरलेलं असतं. प्रॅक्टिकललाही तेच लागतं. लंडनला 2012 मध्ये याच प्रकारात रौप्य आलं ते एका फौजी सुभेदाराला. वेगाने मारायचा सराव आपल्याकडे गणवेशातल्या माणसांकडेच का टिकला, हे त्यावरून कळावं.

परतीच्या वाटेवरची अडचण डोळ्यांची. गेल्या दहा वर्षांत रेड डॉट साध्या पिस्तूलांवरही आला, त्यांचे वेगळे गट झाले. डॉट असला की नजर टार्गेटवर ठेवायची असते, ठिपका आपोआप दिसतो. असा वर्षभर खेळलेला माणूस दहा मीटरला आला की काळा गोल अगदी स्वच्छ बघतो आणि फ्रंट साइट धूसर सोडतो. ग्रुप उभा-आडवा फाटतो. बहुतेक कोच ट्रिगरला दोष देतात आणि पोराला आठवडाभर ड्राय प्रॅक्टिसला, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबायच्या सरावाला, लावतात. त्याऐवजी कोरा पांढरा कागद लावून फक्त साइट बघत मारायला लावलं तर नजर लवकर ठिकाणावर येते.

आता राहिला कायदा. 1959चा शस्त्र कायदा, त्यात 2019 ची दुरुस्ती. सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं, खेळाडूंना वेगळी सवलत. 9 एमएम हा बोअर (नळीचं माप) नागरिकांसाठी एरवी प्रतिबंधित. आपल्याकडे परवान्यावर दिसतं ते पॉइंट थ्री टू, आणि प्रॅक्टिकलच्या नियमांत 9 एमएमच्या खालची गोळी मुख्य गटांत बसत नाही. त्यात बीड जिल्ह्यातल्या परवान्यांचा विषय 2024-25 मध्ये इतका गाजला की पिस्तूल म्हटलं की लोकांना आधी दहशत आठवते, खेळ नंतर.

त्यामुळे आपल्याकडे हे बदलाचे धडे खऱ्या अर्थाने लागू होतात ते पॉइंट टू टूवर. 1981 मध्ये अमेरिकेत लोखंडी पाट्यांवरची एक स्पर्धा सुरू झाली. पाच पाट्या, शेवटची पाटी वाजली की घड्याळ बंद, गुण नाहीत, नुसता वेळ. पाच वेळा मारायचं, सगळ्यात वाईट वेळ वगळायची. तिच्यात पॉइंट टू टूला स्वतंत्र गट आहे. त्या गटात होल्स्टर लागत नाही, पिस्तूल खाली रोखून सुरुवात करतात, आपल्या 45 अंशांसारखीच. पंचवीस मीटरचा खेळाडू त्यात पहिल्या दिवशीच उभा राहू शकतो. अडतं ते रेंजवर. आपल्या बहुतेक रेंज कागदासाठी बांधलेल्या आहेत, आणि लोखंडावरून उडणारे शिशाचे तुकडे अडवायची सोय केल्याशिवाय तिथे पाटी लावू देणं कुणालाही परवडणारं नाही.