वाळवंट उन्हामुळे होत नाही

‘फार तापतं म्हणून सहाराचं वाळवंट झालं,’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मग विषुववृत्ताला खेटून असलेल्या सिंगापूरला वर्षाला २००० मिमीहून जास्त पाऊस कसा पडतो?

विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, तिथेच पाऊस पाडून कोरडी होते आणि उंचावरून सरकत ३० अंश अक्षांशांच्या आसपास खाली उतरते. म्हणून तिथे जास्त दाबाचा पट्टा. उतरताना ती दाबली जाऊन दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते, ढग धरतच नाहीत. पाठांतरात नेमका हाच दुवा गळतो, आणि सगळं मर्म त्यातच आहे. सहारा याच पट्ट्यात येतं; तिथलं कडक ऊन हा निरभ्र आकाशाचा परिणाम.

चिलीतलं आरिका पाहा: समुद्रकाठ, सौम्य हवा, तरी वर्षाचा सरासरी पाऊस १ मिमीसुद्धा नाही. थंड सागरी प्रवाह आणि अँडीज पर्वत तिथला कोरडेपणा आणखी वाढवतात.