लिफ्टमधला मोबाइल आणि दहा मीटरची चूक

या इमारतीची उंची किती? टेप नाही, नकाशा नाही. खिशात मोबाइल आहे आणि समोर लिफ्ट. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला एवढाच प्रश्न द्यावा आणि शिक्षकाने गप्प बसावे.

मोबाइल आडवा केला की स्क्रीनही आडवी होते, ती आतल्या त्वरणमापकामुळे, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो हे मोजणाऱ्या सेन्सरमुळे. जर्मनीतल्या आखेन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्याचे आकडे थेट दाखवते. लिफ्ट वर निघाली की आलेख उसळतो, मग सपाट होतो, थांबताना खाली जातो. त्वरणावरून वेग काढायचा, वेगावरून अंतर. सोपे वाटते. पण मापनात ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी बारीक चूक कायम राहिली, तरी २० सेकंदांत उत्तर १० मीटरने चुकते, कारण अंतरातली चूक वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

गटातल्या एखाद्याच्या मोबाइलमध्ये वायुदाबमापकही निघतो. जमिनीलगत दर मीटर उंचीला हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो. दाब ३६० पास्कलने उतरला, म्हणजे उंची ३० मीटर. दोन्ही उत्तरे जुळत नाहीत आणि वादाला तोंड फुटते.

मला हा वादच मोलाचा वाटतो. समस्याधारित शिक्षणाचा जीव त्यातच आहे. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणात ही पद्धत आणली: आधी रुग्णाचा प्रश्न, मग त्यासाठी लागणारे शास्त्र. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने तिच्या सात पायऱ्या रूढ केल्या. त्यातल्या पहिल्या पाच गटाने चर्चा करायच्या. पुस्तके उघडायची ती सहाव्या पायरीवर, आणि सातवीला परत येऊन एकमेकांना सांगायचे.

म्हणून मोबाइलवर उत्तर शोधण्याची घाई घातक ठरते. पाच पायऱ्या एका झटक्यात गळतात. उत्तर शोधण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्यामागचे कारण गटाच्या सामायिक डॉक्युमेंटमध्ये लिहावे. त्यात जुन्या आवृत्त्या जपल्या जातात. कोणाचे मत कधी आणि कशामुळे बदलले, हे शिक्षकाला नंतर ओळीओळीने पाहता येते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे कधीच दिसत नाही.

इकडे वाद घालून दमलेला गट थांबलेल्या लिफ्टच्या फरशीवर मोबाइल मिनिटभर नुसता ठेवून बघतो. काहीच हलत नसताना तो किती त्वरण दाखवतो, हे टिपून घेतो, तेवढे वजा करतो आणि पुन्हा वरच्या मजल्याचे बटण दाबतो.