पोलादी चौकटीतले पेंडरेल मून

पेंडरेल मून १९२९ साली आयसीएस, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या वरिष्ठ मुलकी सेवेत शिरून पंजाबात आले, तेव्हा त्यांनी पंचविशी गाठली नव्हती. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजची फेलोशिप खिशात होती. एवढ्या हुशार मुलाला विलायतेत काहीही करता आले असते. शिवाय ते ज्या नोकरीत शिरत होते, तिचा भाव दहा वर्षांपूर्वीच उतरू लागला होता.

१९१९च्या सुधारणांनी शिक्षण, आरोग्य, शेती ही खाती हिंदी मंत्र्यांकडे गेली आणि गोऱ्या साहेबांना त्यांच्या हाताखाली काम करायची वेळ आली. अनेकांनी मुदतीआधी पेन्शन घेऊन घर गाठले. नवे इंग्रज उमेदवार मिळेनात. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी १९२२मध्ये पार्लमेंटात या सेवेला ‘पोलादी चौकट’ म्हटले ते याच काळात, साहेबांना धीर देण्यासाठी. आपण आजही तो शब्दप्रयोग कौतुकाने वापरतो, ही गंमतच. त्याच वर्षी परीक्षा हिंदुस्थानातही सुरू झाली. त्याआधी ती द्यायला लंडन गाठावे लागे. आपले चिंतामणराव देशमुख १९१८ साली तिथेच पहिले आले होते. १९२४मध्ये या वरिष्ठ नोकऱ्यांसाठी नेमलेल्या ली कमिशनने पंधरा वर्षांत निम्मे अधिकारी हिंदी असावेत असे सुचवले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, भरतीच थांबली. १९४७ उजाडले तेव्हा उरले जेमतेम हजार अधिकारी, आणि त्यांतले गोरे निम्म्याहून कमी.

मून या चौकटीत कधी नीट बसलेच नाहीत. १९४१पासून ते अमृतसरचे डेप्युटी कमिशनर होते; आपल्याकडच्या कलेक्टरला पंजाबात हे नाव. ‘चले जाव’नंतर तुरुंगात टाकलेल्या काँग्रेसच्या लोकांना सरकार जसे वागवत होते, ते त्यांना पटेना. गांधीजींच्या सहकारी राजकुमारी अमृत कौर यांच्या भावाला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी तसे लिहिले. पत्र सरकारी खात्याने वाटेतच फोडले. प्रकरण वाढले आणि १९४३मध्ये मून यांनी राजीनामा दिला. तीन वर्षांनी व्हाइसरॉय वेव्हेल यांनीच त्यांना पुन्हा बोलावून घेतले. माणसे इतकी कमी पडत होती की बंडखोरही चालणार होता, असा मी त्याचा अर्थ लावतो.

एप्रिल १९४७मध्ये ते आज पाकिस्तानात असलेल्या बहावलपूर संस्थानचे महसूलमंत्री झाले. सतलजच्या दक्षिणेला कालव्यांवर पिकणारा पट्टा आणि त्यापलीकडे वाळवंट, असे हे राज्य. प्रजा बहुसंख्य मुसलमान. हिंदू आणि शीख थोडे. जूनमध्ये शीख नेते आणि मुस्लिम लीग यांच्यात समेट घडवून पंजाब अखंड ठेवता येईल का, याची खटपट मून यांनी करून पाहिली. ती फसली. १७ ऑगस्टला रॅडक्लिफ रेषा, म्हणजे भारत-पाकिस्तानची नवी सरहद्द, जाहीर झाली. पलीकडून लुटले गेलेले मुसलमान निर्वासित येऊ लागले आणि त्याचा सूड इथल्या हिंदू-शिखांवर उगवला जाऊ लागला. नवाब इंग्लंडमध्ये होते. राज्य चालवायला उरले दिवाण गुरमानी आणि मून.

त्या दिवसांतला एक प्रसंग मून यांनी लिहून ठेवला आहे. हासिलपूरजवळ त्यांना पुढे काही ढीग दिसले. शेणखताचे असावेत असे त्यांना वाटले. जवळ गेल्यावर कळले, ती प्रेते होती, बायका-मुलांसकट. अमृतसरला साहेबाच्या एका चिठ्ठीवर पोलिस हलत. इथे संस्थानच्या फौजेचाच भरवसा नव्हता. संस्थानातल्या रहीमयार खान या गावच्या शिखांचा तांडा फौजेच्या पहाऱ्यात वाळवंटातून जैसलमेरकडे निघाला, तेव्हा रक्षणाला दिलेल्या शिपायांनीच तो लुटला, माणसे मारली. अल्पसंख्यांनी घरीच राहावे, असा मून यांचा सुरुवातीला आग्रह होता. पुढे त्याच लोकांना सरहद्दीपार पोचवायची सोय मून यांना करावी लागली. पंजाबातल्या एकूण मृतांचा त्यांचा अंदाज सुमारे दोन लाखांचा. इतरांचे आकडे याहून पुष्कळ मोठे आहेत. पण त्यांनी तो दूर कुठे टेबलावर बसून काढलेला नव्हता.

बरोबरीचे गोरे अधिकारी भरपाई घेऊन बोटीत बसले. मून भारतात राहिले. हिमाचल प्रदेशचे चीफ कमिशनर झाले, पुढे नियोजन आयोगात सल्लागार. १९६१पर्यंत इथेच होते. इंग्लंडला परतल्यावर, १९७०च्या दशकात, सत्तांतराच्या सरकारी कागदपत्रांचे खंड निघू लागले. त्यांतल्या गोपनीय तारा आणि टिपणे निवडणाऱ्या संपादकांत मून होते. ज्या सरकारने एकेकाळी त्यांचे खासगी पत्र फोडून वाचले होते, त्याच सरकारची दप्तरे आता त्यांच्यापुढे उघडी होती.