पुनर्चक्रण आवारातील गोंगाटी यंत्रे व नियोजन परवानगी (इंग्लंड)

पाडकामाचा राडारोडा, भंगार, काच, लाकूड यांवर प्रक्रिया करणाऱ्या आवारात क्रशर (फोडणारे यंत्र), ट्रॉमेल (फिरती चाळणी), श्रेडर (तुकडे करणारे यंत्र), बेलर (दाबून गठ्ठे बांधणारे यंत्र) यांसारखी मोठा आवाज करणारी यंत्रे बसवण्यासाठी किंवा चालवण्यासाठी नियोजन प्राधिकरणाकडून घ्यावी लागणारी परवानगी. प्रस्तुत नोंद मुख्यतः इंग्लंडपुरती आहे. वेल्समधील कायदा पुष्कळसा याच घडणीचा आहे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांचे नियोजन कायदे स्वतंत्र आहेत.

पार्श्वभूमी : इंग्लंडमधील नगररचनेचा पहिला कायदा १९०९ चा. मात्र जमिनीचा कोणताही विकास करण्याआधी परवानगी हवी, हे सर्वव्यापी तत्त्व १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने आणले आणि १ जुलै १९४८ पासून ते अमलात आले. सध्याचा मूळ कायदा १९९० चा आहे. त्याच्या ५५ व्या कलमानुसार विकास दोन प्रकारचा असतो : जमिनीवर, जमिनीत किंवा तिच्या वर-खाली केलेले बांधकाम, अभियांत्रिकी, खाणकाम वा इतर काम, आणि जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला लक्षणीय बदल. या व्याख्येत आवाजाचा उल्लेख कोठेही नाही. यंत्र कितीही कर्कश असले, तरी ते बसवणे वा चालवणे ‘विकास’ ठरत नसेल, तर नियोजन प्राधिकरणाला त्याच्या आवाजाचा विचार करण्याची संधीच मिळत नाही. या विषयातील बहुतेक वाद याच उंबरठ्यावर झाले आहेत.

जेथे कौंटी आणि जिल्हा असे दोन स्तर आहेत, तेथे कचऱ्याविषयीचे अर्ज कौंटी कौन्सिलकडे जातात; अन्यत्र ते एकस्तरीय परिषदेकडे किंवा लंडनमध्ये बरोकडे (शहरातील विभागीय परिषदेकडे) जातात.

यंत्र हा विकास आहे काय? : १९९० च्या कायद्यातील इमारतीच्या व्याख्येत कोणतीही रचना किंवा उभारणी येते, मात्र इमारतीच्या आत सामावलेली यंत्रसामग्री त्यातून वगळली आहे. त्यामुळे छपराखाली बसवलेल्या बेलरचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. उघड्यावर उभ्या केलेल्या क्रशरचा उद्भवतो, आणि तो क्रशर चाकांवर किंवा पट्ट्यांवर चालणारा असेल तर अधिकच.

या प्रश्नावरील जुना आणि अजूनही उद्धृत होणारा निर्णय म्हणजे चेशर कौंटी कौन्सिल विरुद्ध वुडवर्ड (१९६२). एका कोळसा व्यापाऱ्याने आपल्या आवारात चाकांवरचा, १६ ते २० फूट उंचीचा हॉपर (माल साठवून खाली सोडणारे नरसाळे) आणि वाहकपट्टा आणून ठेवला होता. नियोजनाची अपिले ज्यांच्याकडे जात त्या मंत्र्यांनी हा विकास नसल्याचे ठरवले आणि न्यायालयाने त्यांचा निर्णय कायम ठेवला. सरन्यायाधीश लॉर्ड पार्कर यांच्या मते, कामामुळे जमिनीच्या भौतिक स्वरूपात काही प्रमाणात टिकाऊ बदल व्हायला हवा. या निकालाचा आधार घेऊन ‘चाके असली की परवानगी नको’ असे विधान पुढे पुष्कळदा केले गेले. त्याला निकालात आधार नाही. वस्तू जमिनीला पक्की जोडलेली आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही आणि ती हलवता येते एवढ्यानेही सुटत नाही, हे लॉर्ड पार्कर यांनीच स्पष्ट केले होते.

बार्व्हिस खटल्यात (१९७१) काँक्रीटमध्ये बसवलेल्या रुळांवरून सरकणारी ८९ फूट उंचीची टॉवर क्रेन मात्र विकास ठरली. तेथे न्यायालयाने आकार, कायमपणा आणि जमिनीशी असलेली जोडणी या तीन कसोट्या लावल्या. त्या मूळच्या नियोजन कायद्याच्या नव्हेत; पोलादाच्या कारखान्यावरील स्थानिक कराविषयीच्या १९४९ च्या एका निकालातून त्या उचलल्या आहेत. स्केरिट्स खटल्यात (२०००) दरवर्षी काही महिने उभारल्या जाणाऱ्या मोठ्या मांडवालाही त्या लावल्या गेल्या, आणि तो मांडव इमारत ठरला. कायम म्हणजे सार्वकालिक नव्हे, हे तेव्हापासून बऱ्यापैकी स्थिर झाले आहे. २०१२ मध्ये वूली व्हॅली प्रकरणात, हलवता येणाऱ्या कोंबड्यांच्या खुराड्यांना विकास न मानणाऱ्या परिषदेने कायद्याचा अर्थ फार संकुचित लावला, असे उच्च न्यायालयाने ठरवले.

या निर्णयांचा कल पाहता वुडवर्डपेक्षा बार्व्हिसची वाट अधिक ग्राह्य वाटते. जो क्रशर वर्षानुवर्षे एकाच चौथऱ्यावर उभा आहे, ज्याच्याभोवती राडारोड्याचे ढीग, वजनकाटा आणि लोडरच्या फेऱ्या अशी सगळी मांडणी बसली आहे, त्याच्याखाली चाके आहेत ही बाब गौण आहे. मात्र पाडकामाच्या ठिकाणी काही आठवड्यांसाठी आणलेल्या फिरत्या क्रशरला हा युक्तिवाद लागू पडत नाही.

वापरातील बदल : यंत्र विकास ठरले नाही, तरी ते आल्यामुळे आवाराचा वापर बदलू शकतो. नुसती वर्गवारी होणाऱ्या जागी काँक्रीट फोडणे सुरू झाले, तर तो लक्षणीय बदल मानला जाण्याची शक्यता मोठी. प्रश्न अवघड होतो तो तेच काम वाढते तेव्हा. हर्टफर्डशर कौंटी कौन्सिलने भंगाराच्या एका आवाराविरुद्ध अशीच नोटीस काढली होती : मालाची उलाढाल इतकी वाढली की वापरच बदलला, असे परिषदेचे म्हणणे होते. नियोजनाची अपिले ऐकणाऱ्या निरीक्षकाने ते मानले नाही आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयानेही परिषदेचे अपील फेटाळले. उलाढाल किती पट झाली यापेक्षा वापराची जात बदलली की नाही, ही खरी कसोटी ठरली. आवाराबाहेर होणारा परिणाम ही जात ठरवताना विचारात घेता येतो, पण तो स्वतंत्र कसोटी नव्हे. शेजाऱ्याच्या दृष्टीने हा निकाल कठोर आहे. कायदेशीर भंगारवाडा बराच अधिक गोंगाटी झाला, तरी तो भंगारवाडाच राहतो.

सूट : २०१५ च्या सर्वसाधारण परवानगी आदेशाने काही कामांना वेगळ्या अर्जातून मोकळे केले आहे. औद्योगिक प्रक्रियेच्या जागी नवे किंवा बदली यंत्र बसवता येते. मात्र त्याची उंची १५ मीटरपेक्षा (किंवा जुन्या यंत्रापेक्षा, यांपैकी जे जास्त त्यापेक्षा) अधिक नसावी आणि त्यामुळे जागेचे बाह्य रूप लक्षणीय बदलू नये. कचरा व्यवस्थापनाच्या आवारांसाठी असलेली सूट याहून अरुंद आहे. ती केवळ बदली यंत्रापुरती आहे. जुन्या श्रेडरच्या जागी नवा चालतो, त्याच्या शेजारी दुसरा चालत नाही. त्यामुळे आपले काम ‘औद्योगिक प्रक्रिया’ या पहिल्या सदरात बसते, असा युक्तिवाद चालक करतात. त्या सदराच्या व्याख्येत वस्तू फोडणे, मोडणे आणि विक्रीयोग्य करणे यांचा समावेश असल्याने तो युक्तिवाद अगदीच निराधार म्हणता येत नाही. आधीच्या परवानगीतील अटीने ही सूट काढून घेतलेली असेल, तर हा वाद उरत नाही.

आवाजाचे मापन : सर ॲलन विल्सन यांच्या समितीने १९६३ मध्ये गोंगाटावर अंतिम अहवाल दिला. त्यातील पद्धतीच्या आधारे १९६७ मध्ये बीएस ४१४२ हे ब्रिटिश मानक प्रसिद्ध झाले. १९९०, १९९७ आणि २०१४ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या; शेवटच्या आवृत्तीत २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. यंत्राचा आवाज किती, यापेक्षा तो त्या जागच्या मूळ शांततेच्या किती वर आहे, हे या मानकाचे सूत्र आहे. मूळ शांतता म्हणजे पार्श्वपातळी : मोजणीच्या ९० टक्के वेळात आवाज जिच्या वर असतो ती पातळी. दिवसा (सकाळी ७ ते रात्री ११) एक तासाचा आणि रात्री १५ मिनिटांचा कालावधी धरतात.

यंत्राच्या सरासरी आवाजात त्याच्या स्वभावानुसार दंडाचे डेसिबल मिळवले जातात : एकसुरी घरघर किंवा शिट्टीसारख्या सुरासाठी ६ पर्यंत, आदळआपटीसाठी ९ पर्यंत. समजा, घराजवळची पार्श्वपातळी ४२ डेसिबल आहे आणि क्रशरचा आवाज तेथे ४५ भरतो. फरक अवघा ३ डेसिबलचा दिसतो. पण जबड्यात काँक्रीट आदळण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत असेल, तर त्याचे ६ मिळून आकडा ५१ होतो आणि फरक ९ वर जातो. फरक सुमारे ५ असेल तर प्रतिकूल परिणामाचे, सुमारे १० किंवा अधिक असेल तर लक्षणीय प्रतिकूल परिणामाचे चिन्ह मानतात; दोन्ही संदर्भानुसार. बाटल्यांचा ट्रक काँक्रीटच्या फरशीवर रिता होतो तेव्हाही हेच घडते. काही सेकंदांचा तो खळखळाट तासाच्या सरासरीत विरून जातो, पण माणसाला दचकवतो तो तेवढाच. हा दंड नसेल, तर आकडा ऐकणाऱ्याच्या बाजूने बोलत नाही.

१९९७ पर्यंतच्या आवृत्त्या तक्रारी येण्याच्या शक्यतेविषयी बोलत. २०१४ च्या आवृत्तीने तक्रारींची भाषा सोडून परिणाम आणि संदर्भ यांची भाषा घेतली. संदर्भाच्या नावाखाली सल्लागारांना हवा तो निष्कर्ष काढता येतो, अशी यावर टीका होते. तिच्यात तथ्य आहे. तरी जेथे सर्वच पातळ्या फार खालच्या असतात, तेथे नुसत्या वजाबाकीवर निर्णय देणे योग्य नव्हे, हे मानकाचे म्हणणेही मान्य करावे लागते.

राडारोड्यापासून खडी करणाऱ्या आवारांना कोणता निकष लावावा, हा आणखी एक वाद. खाणींसाठीच्या सरकारी मार्गदर्शनात दिवसा पार्श्वपातळीच्या वर १० डेसिबलपर्यंत आणि एकूण ५५ डेसिबलच्या आत इतकी मुभा आहे. यंत्रे तीच, माल जवळपास तोच, म्हणून अर्जदारांना हा निकष सोयीचा वाटतो. पण खनिज असेल तेथेच खाण काढावी लागते, म्हणून तिला ही सवलत. राडारोडा ट्रकमधून कोठेही नेता येतो. खाणीच्या आत नसलेल्या आवारांना बीएस ४१४२ लावणेच अधिक न्याय्य दिसते.

अटी : परवानगी देताना घातलेल्या अटी हे शेजाऱ्यांचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे. अट आवश्यक, नियोजनाशी व त्या विकासाशी संबंधित, अंमलात आणण्याजोगी, नेमकी आणि वाजवी असावी लागते. ‘आवाजाचा त्रास होऊ नये’ अशी अट नेमकेपणाच्या कसोटीवर टिकत नाही. कोणत्या बिंदूवर, कोणत्या वेळी, किती कालावधीत, किती डेसिबल, हे तीत लिहावे लागते. मोजणीचा मायक्रोफोन भिंतीपासून किमान ३·५ मीटर दूर हवा, कारण भिंतीवरून परतणारा आवाज आकडा फुगवतो. कामाच्या वेळा, ढिगाची कमाल उंची, यंत्राची नेमकी जागा, मातीचा बांध, आणि रिव्हर्सच्या तीव्र ‘बीप’ऐवजी फसफसणारा इशारा या नेहमीच्या अटी. अडथळ्याने यंत्र जेमतेम नजरेआड झाले तर सुमारे ५, पूर्ण झाकले गेले तर सुमारे १० डेसिबल घट धरण्याचा प्रघात आहे. मालाच्या ढिगालाच आडोसा मानणारे आराखडे मात्र सावधपणे वाचावेत. खडी विकली गेली की आडोसाही जातो.

केवळ अर्जाच्या वर्णनात लिहिलेली मर्यादा पुरत नाही. ‘आय अॅम युवर मॅन’ या कंपनीच्या खटल्यात (१९९८) परवानगीच्या वर्णनात सात वर्षांची मुदत होती, पण तशी अट नव्हती. मुदत बंधनकारक ठरली नाही. आवाजाच्या आकड्यांनाही हाच न्याय लागतो.

परवानगीविरुद्ध शेजाऱ्यांना अपील करता येत नाही. अपिलाचा हक्क अर्जदारालाच आहे. त्यांच्या हाती उरते ती न्यायालयीन पुनर्विलोकनाची वाट, तीही सहा आठवड्यांत. अटी ठरण्याआधी हरकत नोंदवणे म्हणूनच महत्त्वाचे. विनापरवाना उभारणीवर कारवाईची मुदत पूर्वी चार वर्षांची होती. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ती दहा वर्षे झाली आहे. त्या तारखेपूर्वी बहुतांशी पूर्ण झालेल्या कामांना जुनी मुदतच लागू राहते.

इतर नियंत्रणे : प्रक्रियेचे दैनंदिन नियंत्रण पर्यावरण परवान्याद्वारे होते, तो एन्व्हायर्नमेंट एजन्सी किंवा काही यंत्रांच्या बाबतीत स्थानिक परिषद देते. नियोजनाने जमिनीच्या वापराकडे पाहावे, प्रदूषण नियंत्रण नीट चालेल असे गृहीत धरावे, असे २०१४ चे राष्ट्रीय कचरा नियोजन धोरण सांगते. दोन्हींपैकी एकही दिवाणी दाव्याविरुद्ध कवच नव्हे : परवान्याबाबत बार विरुद्ध बिफा (२०१२) आणि नियोजन परवानगीबाबत कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स (२०१४) या निकालांनी ते स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील स्थिती : १९१५ चा मुंबई नगररचना कायदा इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्याच्या वळणाचा होता, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील विकासाची व्याख्या १९४७ च्या ब्रिटिश व्याख्येशी जवळपास शब्दशः जुळते. परवानगीचा अर्ज ४४ व्या कलमाखाली होतो. आवाजाचे नियंत्रण मात्र दुसऱ्या वाटेने गेले. १९८७ च्या दुरुस्तीने आवाज हा वायू प्रदूषण कायद्यातील प्रदूषक झाला आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी क्षेत्रवार ठराविक मर्यादा घातल्या : औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल, निवासी क्षेत्रात ५५ व ४५. या मर्यादा जागेच्या मूळ शांततेशी जोडलेल्या नाहीत. रात्री ३० डेसिबलपर्यंत निवणाऱ्या वस्तीजवळ यंत्राचा आवाज ४४ भरला, तर तो या नियमांच्या आत बसतो. बीएस ४१४२ प्रमाणे तोच आवाज, दंड न मिळवताही, पार्श्वपातळीच्या १४ डेसिबल वर असतो.