बॉनेट उघडण्याच्या रचनेतील फेरफार (कोकण किनारपट्टी)

मोटारीच्या इंजिनावरचे झाकण, म्हणजे बॉनेट, कोणत्या बाजूने, कशाने आणि किती उघडावे याची कारखान्याने ठरवलेली रचना गॅरेजात बदलून घेण्याची प्रथा. बिजागऱ्यांची जागा बदलणे, दांडीऐवजी गॅस शॉक बसवणे, बाहेरून कॅच किंवा पिन लावणे, केबलला दुसरी वाट देणे आणि बॉनेटची मागची कड उचलून ठेवणे हे तिचे मुख्य प्रकार. मोठ्या शहरांत हे बहुधा हौसेपोटी होते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात मात्र खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि सह्याद्रीचे घाट ही कारणे हौसेइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची आहेत.

पूर्वपीठिका : सुरुवातीच्या मोटारींचे बॉनेट लांबीच्या मधोमध बिजागरी असलेले आणि दोन्ही बाजूंनी पंखासारखे उघडणारे असे. रेडिएटर सर्वांत पुढे उभा, त्यामागे इंजिन, त्यामुळे बाजूने हात घालणे सोयीचे पडे. मागे काचेपाशी बिजागरी आणि पुढून उघडणारे एकसंध झाकण ही आजची सर्वसाधारण रचना केव्हा रुळली, याबद्दल एकवाक्यता नाही. अमेरिकन लेखनात १९३६ सालच्या कॉर्ड ८१० या गाडीकडे बोट दाखवले जाते. त्याच सालच्या लिंकन झेफरचेही नाव घेतात. युरोपात मात्र रेडिएटर इंजिनामागे ठेवणाऱ्या रनो या फ्रेंच कंपनीच्या उतरत्या तोंडाच्या गाड्या पहिल्या महायुद्धापूर्वीच रस्त्यावर होत्या आणि त्यांचे तोंड अखंड झाकणाचे होते. कल्पना जुनी, प्रसार मात्र साधारणतः १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मोठे पत्रे एका दाबात घडवणारी यंत्रे आली आणि मडगार्ड रुंद होऊन बॉनेटला भिडली, तेव्हा बाजूने उघडायला जागाच उरली नाही.

भारतात दोन्ही परंपरा पोचल्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली अँबॅसडर मागच्या बिजागरीची. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड तिच्या अगदी उलट : मूळच्या ट्रायम्फ हेराल्डप्रमाणे (१९५९) तिचे दोन्ही मडगार्डांसह अख्खे तोंड पुढे कलंडे आणि फिटरला चाकावर बसून इंजिनाचे काम करता येई. युद्धकाळातील जीप ही तिसरी धारा. तिचे बॉनेट मागच्या बिजागरीचे, पण दोन्ही कुशींना बाहेरून कॅच लावलेले, आणि उघडले की पार मागे काचेच्या चौकटीवर टेकणारे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. कोकणात घाट आणि कच्चे रस्ते यांमुळे जीप व तिच्या वंशातील गाड्या दीर्घकाळ टिकल्या, आणि इथल्या फेरफारांवर त्यांचा ठसा आहे.

मूळ रचना : आजच्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखालचा खटका ओढला की केबल पुढचे लॉक सोडते आणि बॉनेट बोटभर वर येते. ते तिथे अडते ते दुसऱ्या कॅचमुळे. कडेखाली दोन बोटे सरकवून एक लहानशी जीभ बाजूला दाबली, की मगच झाकण सुटते. ही जीभ म्हणजे निष्काळजीपणावरचा उपाय होय. पहिले लॉक नीट बसले नाही किंवा केबल ताणून राहिली, तरी वाऱ्याने बॉनेट उसळून काचेवर येऊ नये हे तिचे काम. पुढून उघडणाऱ्या व समोरचे दृश्य अडवू शकणाऱ्या बॉनेटला असा दुसरा आधार असलाच पाहिजे, हा नियम अमेरिकेत १९६९ पासून लागू आहे. पुढे सांगितलेला कोणताही फेरफार जोखताना पहिला प्रश्न हाच विचारावा : ही जीभ शाबूत राहिली का?

बिजागरीची बाजू बदलणे : पुढे बिजागरी आणि काचेकडून उघडणारे बॉनेट धावत्या गाडीत वाऱ्यानेच दाबले जाते, म्हणून सुरक्षित समजतात. फियाट १२४, साब ९०० आणि बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या गाड्यांत हीच रचना होती. जग्वार ई-टाइपचे (१९६१) संपूर्ण नाक पुढे झुकते. मागच्या बिजागरीच्या गाडीला ती देण्यासाठी रेडिएटरच्या आडव्या पट्टीवर नवे पाय वेल्ड करावे लागतात, लॉक काचेकडे न्यावे लागते आणि उघडताना बॉनेटची पुढची कड बंपरला घासू नये म्हणून बिजागरीला वाकलेला हात द्यावा लागतो. किनाऱ्यालगत हे काम फार थोडे लोक करतात, आणि ते योग्यच आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने मूळचे गंजरोधक लेपन जळते. वरून कितीही रंग मारला तरी आतल्या पोकळीत ते परत जात नाही आणि गंज तिथूनच धरतो.

मागची कड उचलणे : बिजागरीच्या बोल्टखाली वॉशर किंवा नळीचे तुकडे घालून बॉनेटची काचेकडची कड दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवण्याचा हा प्रकार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वादग्रस्त आहे. आंबा, कुंभार्ली, फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट भरल्या गाडीने चढताना इंजिन तापते. सावंतवाडीहून आंबोलीला जाताना गाडी सुमारे ३० किमी.त जवळपास ७०० मी. उंचीपर्यंत चढते, तीही बरीचशी दुसऱ्या गिअरमध्ये. फटीतून गरम हवा बाहेर जाईल हा हेतू. काहीजण तेवढ्याचसाठी पहिले लॉक सोडून बॉनेट जिभेवर ठेवून घाट चढतात.

याच्या विरोधातील मत वायुगतिकीवर आधारलेले आहे. धावत्या गाडीची हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी आपटते आणि तिथे दाब वाढतो. केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी नेमकी तिथे असते ती याच कारणाने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शेव्हरोलेने काही गाड्यांच्या बॉनेटला काचेकडे तोंड केलेली खिडकी देऊन तिथून कार्ब्युरेटरला हवा पुरवली. जिथून हवा आत घेता येते, तिथून ती बाहेर कशी पडेल, असा हा युक्तिवाद. हवा खेचून बाहेर काढणारा कमी दाबाचा पट्टा बॉनेटच्या पुढच्या भागात, नाकाच्या वळणालगत मागे असतो. हाच ओढा लॉक सुटलेले बॉनेट उचलतो.

दोन्ही बाजू आपापल्या वेगाला खऱ्या आहेत, असे हिशेबावरून दिसते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किमी.ला तो कमाल १८-१९ पास्कल, ताशी ८० किमी.ला त्याच्या १६ पट, म्हणजे ३०० पास्कलच्या घरात. घाटातल्या मंद चढणीत तो नगण्य असतो; रेडिएटरच्या पंख्याने ढकललेली आणि तापून वर चढणारी हवा फटीतून खरोखर बाहेर पडते. सपाट महामार्गावर प्रवाह उलटतो आणि मागून शिरलेली हवा रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला अडवते. तरीही कोकणापुरता कौल विरोधकांच्या बाजूने द्यावा लागतो, आणि कारण पाऊस हे आहे. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक, तर आंबोलीला सुमारे ७,००० मिमी. पाऊस पडतो. काचेवरून ओघळणारे पाणी इंजिनावर येऊ नये म्हणून मागच्या कडेला रबरी बीडिंग असते. कड उचलली की ही बीडिंग निकामी होते. पाणी इग्निशन कॉइल, वायरिंगचे जोड आणि अल्टरनेटर यांवर येते, शिवाय इंजिनाचा धूर व तेलाचा वास शेजारच्या जाळीतून केबिनमध्ये शिरतो. तापण्याचे मूळ बहुधा चोंदलेला रेडिएटर, मंदावलेला पंखा किंवा अडकलेला थर्मोस्टॅट यांत असते. ते सोडून वॉशर घालणे म्हणजे आजार तसाच ठेवून ताप उतरवणे होय. जिभेवर ठेवलेल्या बॉनेटने गाडी चालवणे तर सर्वथा वर्ज्य आहे. घाटमाथ्यावर थांबून ते पुन्हा दाबून बसवायचे राहून गेले, की उताराला वेग वाढतो आणि सगळा भार एका पातळ पत्र्याच्या आकड्यावर येतो.

गॅस शॉक : बॉनेट टेकवण्याच्या दांडीऐवजी दोन्ही बाजूंना गॅसचे दांडे बसवतात, गॅरेजांत त्यांना सर्रास ‘हायड्रॉलिक’ म्हणतात. आत उच्च दाबाचा नायट्रोजन आणि थोडे तेल असते. बसवणे सोपे आहे, निवड मात्र डोळे झाकून करू नये. उदाहरणादाखल १५ किग्रॅ.चे आणि बिजागरीपासून ५० सेंमी.वर गुरुत्वमध्य असलेले बॉनेट घेतले, तर मिटलेल्या स्थितीत त्याचे परिबल (बिजागरीभोवती खाली फिरवणारा जोर) सुमारे ७३ न्यूटन-मीटर भरते. ६०° उघडल्यावर ते निम्म्यावर येते. तिथे शॉकचा प्रभावी हात (बिजागरीपासून शॉकच्या रेषेचे लंब अंतर) १५ सेंमी. असेल, तर दोन शॉक मिळून सुमारे २४५ न्यूटन, म्हणजे प्रत्येकी १२५ च्या आसपास बल लागते. जुनेपणाची तूट धरून त्याहून थोडे जास्त घेतात. दुप्पट ताकदीचे घेतले तर बॉनेट मिटताना पत्रा शॉकच्या जागी फुगतो आणि बिजागऱ्या ढिल्या होतात. तापमानाचाही परिणाम आहे : वायूचे तापमान २७° से.वरून ७७° से.वर गेले की बल सुमारे एक-षष्ठांशाने वाढते. म्हणून थंड इंजिनावर बेताने पेलणारे शॉक तापल्या इंजिनावर भक्कम वाटतात. चाचणी थंड गाडीवर घ्यावी.

किनाऱ्यावर आणखी एक पथ्य आहे. शॉकच्या आतबाहेर होणाऱ्या कांडीवर चकचकीत मुलामा असतो. मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा बंदरांलगत उभ्या राहणाऱ्या गाडीत खाऱ्या दमटपणाने त्यावर बारीक खळगे पडतात. त्यांच्या धारेने सील कापले जाते, गॅस हळूहळू निघून जातो, आणि एके दिवशी बॉनेट काम करणाऱ्याच्या मानेवर येते. मिटलेल्या स्थितीत कांडी खालच्या अंगाला राहील असा शॉक बसवला तर तेल सीलपाशी राहून आयुष्य वाढते. मूळची दांडी काढून टाकू नये. शॉक असूनही बॉनेटखाली डोके घालण्यापूर्वी ती लावावी.

बाहेरचे कॅच आणि पिना : यांचे मूळ शर्यतीच्या गाड्यांत शोधण्याकडे कल दिसतो. तिथल्या उभ्या पिना आणि त्याही आधीचे चामडी पट्टे हे कंपनाने लॉक सुटू नये म्हणून होते. कोकणात दिसणारे कुशीचे कॅच मात्र घडणीने जीपच्या वंशातील आहेत. त्यांचा मोठा गुण असा की केबल लागतच नाही, म्हणून गंजून अडकायला काही राहत नाही. उणीव तितकीच उघड : कोणीही बाहेरून बॉनेट उघडून बॅटरी नेऊ शकतो, त्यामुळे कुलपाची सोय असलेले कॅच घ्यावेत. साहित्य निवडताना होडीच्या सामानाचा निकष उपयोगी पडतो. साध्या स्टेनलेसपेक्षा ३१६ प्रतीचे स्टेनलेस, ज्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असते, खाऱ्या हवेत खळगे पडण्यास अधिक विरोध करते. पत्र्याला पाडलेल्या भोकाची कड आधी प्रायमरने भरावी आणि बोल्टखाली रबरी वॉशर द्यावा. तिथला उघडा पत्रा पहिल्याच पावसाळ्यात तांबूस होतो.

केबलची दुसरी वाट : चाकरमान्यांच्या ज्या गाड्या गणपती आणि शिमगा सोडून महिनोन्‌महिने गावच्या पडवीत उभ्या असतात, त्यांची बॉनेटची केबल हमखास अडकते. आतली तार गंजून आवरणात धरली जाते. जोर लावला की ती खटक्यापाशीच, जिथे ती वळते तिथे, एकेक धागा सुटत तुटते. मग मिस्त्री पक्कडीने उरलेले टोक ओढून पाहतो. तेही निघाले तर पुढची जाळी काढावी लागते. यावर केलेली योजना साधी आणि उत्तम आहे. लॉकच्या पात्याला दुसरी बारीक तार बांधून ती मडगार्डाच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही पण माहीतगाराच्या हाताला लागेल अशी सोडून ठेवतात. दुसरी जीभ तशीच राहते, पत्र्याला भोक पडत नाही. या नोंदीतील सर्व फेरफारांत कमी खर्चात जास्त उपयोगाचा हाच. मोटार बसवून बटणावर बॉनेट उघडण्याच्या सोयीला तर अशी तार अनिवार्यच मानावी, कारण बहुतेक गाड्यांत बॅटरी बॉनेटखालीच असते आणि ती उतरली की बटण निरुपयोगी होते.

उंदीर वायरी कुरतडतात म्हणून रात्री बॉनेट उघडे ठेवण्याची रीतही गावोगाव आहे. त्यासाठी काहीजण दांडीला मधला खाचा करून घेतात. माडाखाली उभ्या गाडीला तो कामाचा नाही.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या मर्यादेचा पुनरुच्चार केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२-अ मध्ये अननुज्ञेय बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दुसरी तार किंवा गॅस शॉक यांनी नोंदणीतील तपशील बदलत नाही. बिजागरीची बाजू बदलणे आणि बॉनेट कापणे ही कामे मात्र परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय करू नयेत. वर आलेल्या पिना व कॅच पादचाऱ्याला धडक बसल्यास इजा वाढवतात, हेही ध्यानात ठेवावे. बॉनेटचा पत्रा दबून डोक्याचा मार झेलावा अशीच हल्लीच्या गाड्यांची आखणी असते.

विजेच्या गाड्या : काही विद्युत मोटारींत बॉनेटखाली सामानाचा कप्पा असतो, त्यामुळे झाकण रोज उघडले जाते आणि बीडिंग व जीभ लवकर झिजतात. अशा गाड्यांत नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या विजेच्या असतात. त्यांच्या जवळून नवी केबल नेऊ नये आणि त्या बाजूला ड्रिल चालवू नये.